मनातले विमान

वैमानिक एकाच वेळी दोन विमाने उडवत असतो. एक धातूचे, इंजिनाचे, माणसांनी भरलेले. दुसरे त्याच्या मनात असते. या क्षणी आपण किती उंचीवर आहोत, वेग वाढतो आहे की घटतो आहे, नाक आणखी थोडे वर केले तर पुढच्या दहा सेकंदांत काय होईल, उजवीकडचा डोंगर ढगामागे नेमका कुठे असेल, याचे एक चालते चित्र त्याच्या मनात असते आणि त्या चित्राला विचारूनच त्याचा हात हलतो. दोन्ही विमाने जुळलेली असतात तोवर उड्डाण सुरळीत चालते. ती एकमेकांपासून दूर गेली आणि वैमानिकाच्या ते ध्यानात आले नाही, तर धडधाकट विमानही जमिनीला धडकते. हे पुस्तक त्या दुसऱ्या विमानाविषयी आहे. ते कसे घडते, कोण घडवते आणि घडवणाऱ्याची चूक त्यात कशी उतरते, हे यात सांगायचे आहे.

मोसम नदीच्या काठी, नामपुरात राहून असे पुस्तक का लिहावे, असा प्रश्न वाचकाला पडेल. नामपूरची ओळख कांद्याची बाजार समिती आणि डाळिंबाच्या बागा ही. पण आमचा नाशिक जिल्हा देशाच्या उड्डाणविद्येत खोलवर गुंतलेला आहे. ओझरला १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथेच सुखोई-३० तयार होऊ लागली. नाशिक शहरालगत गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडवणारी शाळा आहे, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक याच शाळेतून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. शेजारच्या जिल्ह्यात धुळ्याला आणि शिरपूरला नागरी वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. आमच्या भागातली मुलेमुलीही आता या वाटेची चौकशी करू लागली आहेत. घरच्यांना फी कळते, व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास कळतात. त्या तासांत आपल्या मुलाच्या मनात काय घडायला हवे, हे मात्र त्यांना मराठीत कुणी सांगत नाही. विमानांवरचे आपले बहुतेक लेखन शौर्याचे आहे, नाहीतर अपघाताचे. शौर्याच्या आधी आणि अपघाताच्याही आधी जे शिक्षण असते, त्याकडे वाचकाला नेणे हा या पुस्तकाचा हेतू आहे.

माणूस मनात जगाची प्रतिकृती बाळगतो, हा विचार नीट मांडणारा माणूस वैमानिकांवरच काम करत होता, हे मला महत्त्वाचे वाटते. केंब्रिजच्या केनेथ क्रेक या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली 'द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन' हे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. मेंदू बाहेरच्या घडामोडींचे लहानसे प्रारूप तयार करतो, एखादी कृती आधी त्या प्रारूपावर करून पाहतो आणि मग प्रत्यक्षात उतरवतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच काळात ब्रिटिश हवाई दलाच्या गरजेतून त्याने केंब्रिजमध्ये एक बनावट कॉकपिट उभारले. त्यात वैमानिकांना तासन्‌तास बसवून त्यांच्या थकव्याचा अभ्यास झाला. थकलेल्या वैमानिकांचे हात चालतच राहत, पण एकेका तबकडीला चिकटून त्यांचे लक्ष आकसत जाई आणि इंधनासारख्या कडेच्या गोष्टी सुटत. काम बिघडत असताना आपण ठीक उडवतो आहोत असेच त्यांना वाटे. मनातले विमान आधी बिघडते आणि ते बिघडल्याची खबर त्याच्या मालकाला शेवटी लागते, हे तेव्हाच दिसून आले होते. क्रेक वयाच्या ३१ व्या वर्षी, १९४५ मध्ये, रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याने दाखवलेली वाट पुढे संपूर्ण उड्डाण-मानसशास्त्राची झाली.

प्रशिक्षणाचे पहिले काम असते उपजत प्रतिक्रिया मोडण्याचे. आमच्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकतात. पाण्यात पडलेले मूल आधी हात वर करून पाण्याबाहेर चढू पाहते आणि त्यामुळेच बुडते. अंग सैल सोडले की पाणी उचलते, हे त्याला कुणीतरी शिकवावे लागते. हवेतही शरीराचा पहिला सल्ला बहुधा चुकीचा असतो. विमानाचे नाक फार वर गेले आणि पंखांवरून वाहणारी हवा तुटली की पंख उचलायचे थांबतात. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. विमान खाली पडू लागते आणि हात आपोआप दांडी ओढून नाक वर करू पाहतो. वाचायचे असेल तर करायचे असते उलट: नाक खाली, हवा पुन्हा पंखांवर, मग वेग, मग उंची. जमीन जवळ येत असताना दांडी पुढे ढकलणे हे कोणत्याही नवशिक्याला वेडेपणाचे वाटते. म्हणून प्रशिक्षक पुरेशा उंचीवर त्याला पुन्हा पुन्हा स्टॉलमध्ये नेतो. नियम पाठ होणे ही त्याची अपेक्षा नसते. विमान थरथरू लागले की नाक खाली जायला हवे, हे त्या मुलाच्या मनातल्या विमानाने स्वतःहून सांगायला हवे.

हेलिकॉप्टरमध्ये हा विरोध आणखी तीव्र होतो, आणि गांधीनगरच्या शाळेचे काम किती नाजूक आहे ते इथे कळते. डाव्या हातातला कलेक्टिव्ह वर ओढला की वरच्या पात्यांचा कोन वाढतो आणि हेलिकॉप्टर उचलले जाते. त्याबरोबर इंजिनाची ताकद वाढते, धड उलट दिशेने फिरू पाहते, ते पायातल्या पेडलने रोखावे लागते. शेपटीच्या पंख्याचा जोर बदलला की हेलिकॉप्टर बाजूला सरकते, त्यासाठी उजव्या हातातला सायक्लिक किंचित झुकवावा लागतो. एका हालचालीला दोन उत्तरे आणि त्या उत्तरांना पुन्हा उत्तरे. जमिनीपासून काही फुटांवर एका जागी स्थिर राहणे शिकताना सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थी झुलत राहतो, कारण तो जे दिसते त्याला उत्तर देत असतो. मनातले हेलिकॉप्टर तयार झाले की तो पुढे काय होणार याला उत्तर देऊ लागतो आणि झुलणे थांबते.

आता इंजिन बंद पडले असे समजा. घसरण जाणवताच डावा हात कलेक्टिव्ह वर ओढू पाहतो, कारण आजवर वर जाण्यासाठी त्याने तेच केले आहे. तसे झाले तर पात्यांचा वेग क्षणात उतरतो आणि मग वाचवणारे काही उरत नाही. करायचे असते ते असे: कलेक्टिव्ह ताबडतोब खाली. हेलिकॉप्टर वेगाने उतरू लागते, खालून वर येणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते आणि जमिनीजवळ आल्यावर त्या फिरण्यात साठलेली शक्ती वापरून अलगद टेकता येते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. निर्णयासाठी हातात असतात एक-दोन सेकंद, म्हणजे विचार करायला वेळच नसतो. जे मनात आधीच बसलेले असेल तेच हातातून येते. फ्रेंच वैमानिक जाँ बुले याने २१ जून १९७२ रोजी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तिथे इंजिन विझले, आणि तेवढ्या उंचीवरून तो इंजिनाशिवाय, ऑटोरोटेशनने सुखरूप उतरला. हेच लामा भारतात चीता या नावाने बनले. याच चीत्यांनी सियाचिनच्या चौक्यांवर रसद आणि आजारी जवान वाहिले, आणि चेतक हेलिकॉप्टरबरोबर याच चीत्यावर लष्कराच्या वैमानिकांच्या पिढ्या नाशिकला शिकल्या.

चीता आणि चेतक फ्रेंच घराण्यातले असल्याने त्यांची पाती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. ताकद वाढवताना उजवे पेडल द्यावे लागते. अमेरिकी बनावटीच्या अपाचेची पाती उलट फिरतात आणि त्यात डावे पेडल लागते. शेकडो तास एका यंत्रावर घालवलेला माणूस दुसऱ्यावर गेला की शांत वेळी तो नव्या सवयीने उडतो, पण घाईच्या क्षणी जुना पाय पुढे येण्याचा धोका राहतो. शिकलेले पुसले जात नाही, त्यावर नवे रचले जाते. म्हणून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना लागणारे शिक्षण हे नुसते बटणांच्या जागा सांगण्याचे काम नव्हे, आणि पुस्तकाचा एक पूर्ण भाग मी त्याला दिला आहे.

हातापायांनंतर येतात कान. आपल्या अंतर्कर्णातली तोल सांभाळणारी यंत्रणा जमिनीवर चालण्यासाठी घडलेली आहे. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते, विमान अगदी हळू कलत गेले तर कानाला ते कळतच नाही, आणि सरळ केल्यावर आपण उलट बाजूला कललो आहोत असे वाटते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना कृत्रिमरीत्या बाहेरचे दिसणे बंद करून विमान उडवायला दिले. सगळ्यांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. हा आकडा जगभर सांगितला जातो, भीती घालण्यासाठी. त्याच प्रयोगाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्या लोकांना उपकरणे पाहून विमान सावकाश वळवून ढगाबाहेर आणण्याची एक साधी पद्धत शिकवली गेली, आणि नंतरच्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत ते सुखरूप बाहेर आले. माणसे तीच, कान तेच, विमान तेच. बदलले ते फक्त मनातले चित्र.

ते चित्र तुटल्याची एक भीषण घटना मुंबईकरांच्या जुन्या पिढीला आठवत असेल. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले. समुद्रावर आल्यावर उजवे वळण पूर्ण करून ते सरळ झाले, पण कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे उपकरण उजवीकडचाच कल दाखवत अडकले. बाहेर काळोख, समुद्र आणि आकाश एकच. उपकरणाप्रमाणे विमान सरळ करण्यासाठी कॅप्टनने ते डावीकडे कलवले, आणि कलवतच नेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात विमान कोसळले आणि २१३ जण गेले. सहवैमानिकापुढे वेगळे उपकरण होते, आणि त्याशिवाय एक राखीवही. चौकशीचा निष्कर्ष असा होता की इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले असते, ते झाले नाही. या दुर्घटनेतून मिळणारा धडा मृतांना दोष देण्याचा नाही. उपकरणांवर विश्वास ठेव, हे शिक्षण अर्धे आहे. उरलेले अर्धे असे की कोणत्याही एका उपकरणावर एकट्यावर विसंबू नकोस, तिघांची साक्ष काढ. आज प्रशिक्षक उड्डाण चालू असताना मुद्दाम एखादी तबकडी झाकतात आणि उरलेल्यांवर विमान सांभाळायला लावतात. प्रश्न असा विचारला जातो: वेग वाढतो आहे आणि उंची घटते आहे, मग हे कल दाखवणारे उपकरण सरळ कसे सांगेल? असा प्रश्न ज्याच्या मनात आपसूक उठतो, त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले.

जमिनीवर बसून उड्डाण शिकवता येईल हे एडविन लिंक या अमेरिकी तंत्रज्ञाने १९२९ साली दाखवले. वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात हवेच्या भात्यांचे तंत्र तो शिकला होता, त्याच भात्यांवर त्याने एक लुटुपुटीचे विमान हलवले. सुरुवातीला ते जत्रेतले खेळणे समजले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचे काम आले, उपकरणांवर उडण्याची सवय नसलेले तरुण वैमानिक खराब हवामानात एकामागून एक मेले, तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आजचा सिम्युलेटर त्याचाच वंशज, आणि त्याचे उपकार मोजता येणार नाहीत. जे संकट आकाशात दाखवायचे तर जीव जाईल, ते तो रोज सकाळी दाखवू शकतो.

पण सिम्युलेटर जे शिकवतो ते मन खरे मानते, आणि इथे शिकवणाऱ्याची जबाबदारी फार मोठी होते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस ए३०० विमान पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडले. धक्के साधे होते. सहवैमानिकाने शेपटीवरचे सुकाणू, म्हणजे रडर, पूर्ण उजवा, पूर्ण डावा असा लागोपाठ दाबला, शेपटीचा उभा पंख तुटला, आणि जमिनीवरच्या पाच जणांसह २६५ माणसे गेली. चौकशी मंडळाने सहवैमानिकाच्या कृतीबरोबरच त्या विमानाच्या रडरची रचना आणि कंपनीचा प्रशिक्षणक्रम यांचाही वाटा नोंदवला. सिम्युलेटरमधल्या एका सरावात अशा भोवऱ्याने विमान भयंकर कलते असे दाखवले जाई, त्यामुळे त्या धोक्याची अवास्तव कल्पना वैमानिकाच्या मनात बसली असावी, असे मंडळाने म्हटले. हा माणूस निष्काळजी नव्हता, त्याला मिळालेला धडा त्याने मनापासून गिरवला होता. मनात चुकीचे विमान घालून दिले तर चांगला विद्यार्थी अधिक धोक्यात येतो, कारण तो ते अधिक निष्ठेने उडवतो.

दुसरी मर्यादा अशी की सराव ठरलेला असतो. टेकऑफच्या ठरावीक क्षणी इंजिन बंद पडणार हे परीक्षेला बसणाऱ्याला ठाऊक असते. अमेरिकेच्या नासा संस्थेतील स्टीफन कास्नर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोइंग ७४७ च्या अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये तेच नेहमीचे प्रसंग दिले, फक्त अनपेक्षित वेळी. परीक्षेच्या क्रमाने आलेला प्रसंग ज्यांनी सफाईने हाताळला, तेच अचानक आल्यावर उशिरा ओळखू लागले आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे पडले. संकट हाताळणे आणि संकट ओळखणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. क्रम पाठ करणारा विद्यार्थी पहिलीच शिकतो. चांगला प्रशिक्षक म्हणून क्रम मोडतो, वेळ बदलतो, कधी संकटच देत नाही, म्हणजे विद्यार्थ्याचे डोळे उघडे राहतात.

ओझरच्या कारखान्याशी जोडलेली एक कथा इथे सांगायलाच हवी. मिग-२१ भारतीय हवाई दलाने सहा दशके उडवले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला निरोप दिला. त्याचे त्रिकोणी आखूड पंख वेगासाठी होते. कमी वेगात ओढ झपाट्याने वाढे, म्हणून उतरतानाही इंजिनाची ताकद राखावी लागे, आणि धावपट्टीला टेकताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास असे. त्याआधी तरुण वैमानिक ज्या किरण विमानावर शिकत ते सरळ पंखांचे, संथ, चूक पोटात घालणारे होते. किरणवर तयार झालेले मनातले विमान थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, कमी केल्यावर काय होईल याचे एक उत्तर देई आणि मिग वेगळेच उत्तर देई. मिगच्या दोन आसनी आवृत्त्या होत्या, प्रशिक्षकांनी जिवाचे रान केले, तरी दोन पायऱ्यांमधली उडी फार मोठी होती. हवाई सुरक्षेवरच्या ला फाँटेन समितीने १९८२ सालीच मधली पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान, घेण्याची शिफारस केली. अशा हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती दलात आली २००८ मध्ये. मधल्या पंचविसेक वर्षांत ती उडी मारत राहिलेले तरुण आपल्याच घरांतले होते. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडहून रात्री उडालेले मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी पुढे वर्षानुवर्षे हवाई सुरक्षेचा प्रश्न देशापुढे मांडला, आणि या कुटुंबाने पुण्यात सिम्युलेटरवर उड्डाण शिकवणारी संस्था उभी केली. दुःखाचे असे रूपांतर करणाऱ्या माणसांपुढे मी नतमस्तक आहे.

प्रशिक्षण विमान हे म्हणूनच दुय्यम यंत्र नव्हे. पायाभूत शिक्षणाचे एचपीटी-३२ विमान २००९ मध्ये अपघातांनंतर थांबवावे लागले आणि २०१३ मध्ये स्विस पिलाटस येईपर्यंत शिक्षणाची घडी विस्कटली. आता देशी बनावटीच्या एचटीटी-४० ची एक उत्पादन साखळी ओझरला सुरू झाली आहे. या विमानाच्या चाचण्यांत स्पिनला, म्हणजे गिरक्या घेत पडण्याला, मोठे महत्त्व होते. शिकणाऱ्याने ती अवस्था एकदा डोळ्यांनी पाहावी, तिच्यातून स्वतःच्या हातांनी बाहेर यावे, यासाठी विमान तिच्यात जाण्यास आणि तिच्यातून सुटण्यास तयार असावे लागते. उद्याच्या वैमानिकाच्या मनात पहिले चित्र उमटवणारे यंत्र आमच्या जिल्ह्यात बनते आहे, याचा मला सुखोईइतकाच अभिमान वाटतो.

संगणक आल्यापासून मनातल्या विमानात एक तिसरा गृहस्थ येऊन बसला आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे नवे एअरबस ए३२० बंगळुरूला उतरत असताना इंजिने किमान ताकदीवर राहणाऱ्या अवस्थेत होती. त्या अवस्थेत वेग राखण्यासाठी यंत्रणा ताकद वाढवत नाही. वेग आणि उंची घटत गेली, ते उमगून थ्रॉटल पुढे ढकलेपर्यंत उशीर झाला होता. १४६ पैकी ९२ जण गेले. वैमानिक जुन्या पिढीच्या विमानांवर अनुभवी होते. यंत्र आत्ता कोणते काम आपल्यासाठी करते आहे आणि कोणते करत नाही, हे नव्या कॉकपिटमध्ये वेगळे शिकावे लागते, ही जाणीव तेव्हा जगभर नुकती होऊ लागली होती. कास्नर यांच्याच २०१४ च्या अभ्यासात असे दिसले की स्वयंचलित यंत्रणेवर वर्षानुवर्षे उडणाऱ्या वैमानिकांचे हात फारसे गंजत नाहीत, गंजते ती विचाराची बाजू: आपण कुठे आहोत याचा हिशेब मनात ठेवणे, आकडे जुळत नाहीत हे हेरणे. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने काही काळ बंद झाल्या, ऑटोपायलट सुटला, नाक वर ओढले गेले आणि स्टॉलमध्ये गेलेले विमान शेवटपर्यंत त्यातून बाहेर निघाले नाही. २२८ जण गेले. शिकाऊ वैमानिकाला पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट उंच आकाशात, यंत्राच्या भाषेत समोर आली आणि ओळखू आली नाही.

एकाच्या मनातले विमान पुरेसे नसते, कॉकपिटमध्ये दोघांची मने जुळावी लागतात. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे कॅप्टन चाकाच्या बिघाडात गुंतले असताना विमानाचे इंधन संपले. इंधन घटते आहे हे इतरांना दिसत होते, ते पुरेशा ठामपणे कॅप्टनपर्यंत पोहोचले नाही. पुढच्या वर्षी नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून कॉकपिटमधल्या सहकार्याचे शिक्षण आकाराला आले. आपल्याकडे हा विषय जास्तच गंभीर आहे. वयाने आणि पदाने मोठ्या माणसाला 'साहेब, हे चुकते आहे' असे म्हणणे आपल्या घरात, शाळेत, कचेरीत कुणी शिकवत नाही. विमानात ते शिकवावेच लागते, आणि ऐकून घेणेही शिकवावे लागते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग शरीराच्या सवयींचा, दुसरा उपकरणे आणि इंद्रियांचा, तिसरा सिम्युलेटरचा, चौथा एका विमानावरून दुसऱ्यावर जाण्याचा, पाचवा स्वयंचलनाचा, सहावा कॉकपिटमधल्या माणसांचा. जमिनीवरच्या खुणांवरून दिशा ओळखण्याच्या प्रकरणात मी मुद्दाम आपलाच मुलुख घेतला आहे. तापी, पांझरा, गिरणा, मोसम, हरणबारीचे धरण, मांगीतुंगीचे सुळके आणि साल्हेरचा माथा ही वरून वाचायची अक्षरे आहेत. श्रावणात गढूळ पाण्याने ठळक दिसणारी मोसम वैशाखात वाळूची फिकट रेघ उरते. ज्याने एकाच ऋतूत नकाशा पाठ केला तो दुसऱ्या ऋतूत फसू शकतो, तेव्हा विद्यार्थ्याने नदीबरोबर तिचे वळण, तिच्यावरचा पूल आणि शेजारचा डोंगरही मनात ठेवायचा असतो.

वाचकांपैकी जे पालक आहेत त्यांना एक विनंती. फ्लाइंग स्कूल निवडताना विमाने किती आणि तास किती जलद होतात, एवढेच विचारू नका. प्रशिक्षक उड्डाणाआधी आणि उड्डाणानंतर विद्यार्थ्याशी किती वेळ बोलतात, चूक झाल्यावर ओरडतात की ती चूक कशातून आली ते शोधतात, विद्यार्थ्याला स्वतः विचार करून निर्णय घेऊ देतात की आज्ञा पाळायला लावतात, हे विचारा. दोनशे तास दोन प्रकारे भरता येतात. एकच तास दोनशे वेळा उडवला तर परवाना मिळेल, मनातले विमान मात्र पहिल्याच तासाचे राहील. विद्यार्थ्यांनाही हेच सांगणे आहे: प्रत्येक उड्डाणाआधी डोळे मिटून ते एकदा मनात उडवा, आणि उतरल्यावर जिथे प्रत्यक्ष वेगळे घडले ती जागा वहीत लिहा. ती जागा म्हणजे तुमच्या चित्रातली फट, आणि ती बुजवण्यासाठीच प्रशिक्षक तुमच्या शेजारी बसलेला आहे.

ज्या प्रशिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या वैमानिक घडवले त्यांची नावे विमानतळांना दिली जात नाहीत. तरीही प्रत्येक सुखरूप लँडिंगमध्ये त्यांचा हात असतो, कारण त्यांनी शिकवलेले विमान त्यांच्या विद्यार्थ्याच्या मनात अजून उडत असते. त्या विद्येचा आदर आपल्या समाजात वाढावा, प्रशिक्षणावरचा खर्च हा सर्वात आधी करायचा खर्च मानला जावा, आणि आमच्या खोऱ्यातून या वाटेला जाणाऱ्या मुलामुलींना नेमके काय शिकायचे आहे हे घरातून निघतानाच ठाऊक असावे, यासाठी हे पुस्तक वाचकांच्या हाती देतो आहे.

नामपूर, ता. बागलाण, जि. नाशिक